युद्धाचे नियम आणि त्यांचा अर्थ : एका पाश्चात्य खेळाचे परीक्षण

गेल्या दिवाळीत हैदराबादेस काचीगुड्यातील एका स्नेह्यांकडे आम्ही फराळास गेलो होतो. आमच्या अनेक वाचकांच्या घरांसारखेच ते घर दुभाषी. वडिलांकडील मंडळी कारवारकडची, त्यांची बोली कोंकणी; आईचे माहेर नांदेडचे, त्यामुळे मुले मराठीही तितक्याच सहजपणे बोलतात. बैठकीच्या खोलीत पाच मुलेमुली जाजमावर गोल करून बसली होती. मध्ये चौकटी आखलेला कागद, त्यावर बोटाएवढ्या मूर्ती, वीस बाजूंचे फासे, आणि शेजारी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ. खेळ अगदी रंगात आला होता, आणि रंगात आलेल्या खेळात जे व्हावयाचे ते तेथेही झाले. वाद उपस्थित झाला.

वादाचा विषय असा. एका मुलीने मांत्रिकेची भूमिका घेतली होती. अदृश्य वस्तू दिसाव्यात असा मंत्र तिने आधीच म्हणून ठेवला होता. पुढे एक अदृश्य शत्रू चालून आला. तो इतरांस दिसत नव्हता, पण तिला दिसत होता. तिने त्याच्यावर अस्त्र सोडले. तेव्हा खेळ चालविणारा तिचा थोरला भाऊ म्हणाला, "दोन फासे टाक आणि त्यांतला लहान अंक घे. अदृश्य शत्रूवर वार करताना तसेच करावे लागते." ती म्हणाली, "दादा, मला तो दिसतो आहे ना!" भावाने ग्रंथ उघडून तिच्यापुढे धरला. नियम खरोखरच तसा होता. दिसण्या-न दिसण्याचा अपवाद त्यात लिहिलेला नव्हता. धाकट्याने "हो न्याय न्हय!" म्हणून आरडाओरड केली. कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आजींनी मान वर करून एवढेच विचारले, "दिसता जाल्यार अदृश्य कसो?"

आजींचा तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. आम्ही तो ग्रंथ मागून घेतला, घरी नेला आणि त्यातील युद्धाचे प्रकरण दोनदा वाचून काढले. मुलांच्या खेळाच्या पुस्तकावर परीक्षण लिहावे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. त्यांस आम्ही इतकेच सांगू की, ज्या ग्रंथातील एका वाक्याच्या अर्थावरून पाच बुद्धिमान मुले पाऊण तास भांडतात, तो ग्रंथ टीकाकाराने पाहण्याजोगा असलाच पाहिजे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याचे कूळ मात्र जुने आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाचे युद्ध रूढ केले. त्यात वार किती लागला हे फाशाने ठरे, आणि दोन्ही पक्षांवर एक पंच असे. नियमांची संख्या पुढे इतकी वाढली की खेळापेक्षा हिशेबच अधिक होऊ लागला. तेव्हा १८७६ साली फर्डी द्यु फेर्न्वा या सेनानीने असे मत मांडले की, नियमांचे भेंडोळे बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच विसंबावे. नियम मोठा की नियमाचा अर्थ करणारा मोठा, हा काचीगुड्याच्या जाजमावरील वाद असा दीडशे वर्षांचा जुना आहे.

आजच्या खेळाची रीत थोडक्यात सांगतो. प्रत्येक गडी एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण मात्र पात्र न होता सूत्रधार होतो. कथा तोच सांगतो, शत्रूंचे वार तोच करतो आणि नियमांचा निर्णयही तोच देतो. दक्षिण कोकणातील व गोव्यातील जत्रांतून दशावतारी पाहिलेल्या वाचकांस ही रीत परकी वाटू नये. तेथेही लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठाऊक असते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. भेद एकच, पण मोठा. दशावतारात शंखासुर मरणार हे समईलाही ठाऊक असते. या खेळात कोण मरेल हे फासा ठरवितो. युद्धाची एक फेरी सहा सेकंदांची मानतात. वार करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकावा, त्यात आपल्या कौशल्याचा अंक मिळवावा, आणि ती बेरीज प्रतिपक्षाच्या चिलखताच्या अंकाइतकी किंवा अधिक भरली तर वार लागला असे समजावे. लागलेल्या वाराने प्राणांक घटतात. ते शून्यावर आले की पात्र मूर्च्छित पडते, आणि जगावयाचे की मरावयाचे ते पुन्हा फाशानेच ठरते.

आता मूळ वादाकडे वळू. २०१४ सालच्या आवृत्तीत अदृश्यतेची दोन कलमे आहेत. पहिल्याचा आशय असा की, अदृश्य प्राणी मंत्राच्या अथवा विशेष इंद्रियाच्या साह्यावाचून दिसत नाही. दुसऱ्याचा आशय असा की, त्याच्यावर वार करणाऱ्यास प्रतिकूलता, आणि त्याच्या स्वतःच्या वारास अनुकूलता. आता दुसरे कलम पहिल्यावर अवलंबून आहे की स्वतंत्र आहे? दादाचा पक्ष असा की कलमे दोन, म्हणून विधीही दोन. शत्रू दिसला तरी तो 'अदृश्य' या अवस्थेतच आहे, आणि दुसरे कलम त्या अवस्थेला चिकटलेले आहे. हा पक्ष पोरकट नव्हे. खेळाच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक, जेरेमी क्रॉफर्ड, यांनीही शब्दाचाच पक्ष उचलून धरला होता. आजींचा पक्ष असा की, प्रतिकूलता न दिसण्यामुळे आली होती. न दिसणे गेले की तीही गेली.

हा प्रश्न आपल्या मीमांसकांपुढे ठेवला असता तर त्यांनी काय म्हटले असते? जैमिनीच्या सूत्रांतील दहाव्या अध्यायात याला अगदी जुळणारे उदाहरण आहे. यज्ञात चरूसाठी भात कांडावा असा विधी आहे. एका विशेष इष्टीत मात्र भाताच्या जागी 'कृष्णल', म्हणजे सोन्याचे गुंजेएवढे कण, घ्यावयाचे असतात. तर मग सोने कांडावे काय? मीमांसक म्हणतात, नाही. कांडण्याचे प्रयोजन कोंडा काढणे हे आहे. सोन्याला कोंडा नाही; म्हणून प्रयोजन नाही, आणि प्रयोजन नाही म्हणून ती क्रियाही लोपते. परंतु तेच कण शिजवावयाचे काय? होय. सोने शिजून मऊ होत नाही हे खरे, पण त्या इष्टीत शिजविण्याची आज्ञा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. डोळ्यांस दिसणारे प्रयोजन जेथे सापडते तेथे प्रयोजन संपताच नियम संपतो; प्रयोजन नसतानाही नियम पाळावयाचा असेल, तर त्या प्रसंगापुरती स्पष्ट आज्ञा हवी.

हे माप लावले की निकाल सरळ लागतो. प्रतिकूलतेचे प्रयोजन प्रत्यक्ष आहे. दिसत नसलेल्यावर नेम धरता येत नाही. मंत्राने तो दिसू लागला, म्हणजे भाताला कोंडा उरला नाही. आणि 'दिसला तरी प्रतिकूलता राहील' अशी स्पष्ट आज्ञा ग्रंथात कोठेही नाही. सबब आजींचा पक्ष सिद्धान्त आणि दादाचा पूर्वपक्ष. यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेद अपौरुषेय मानल्यामुळे तेथे कर्त्याचा हेतू विचारता येत नाही, म्हणून मीमांसक शब्दाला अतोनात जपतात. तेच मीमांसक जर सोने कांडू देत नाहीत, तर माणसाने लिहिलेल्या ग्रंथात शब्दाला त्याहून अधिक जपण्याचे कारण काय? ग्रंथकारांनाही हे अखेर पटले असावे. २०२४ सालच्या सुधारलेल्या आवृत्तीत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की, ज्याला अदृश्य प्राणी कोणत्याही प्रकारे दिसतो त्याच्याविरुद्ध अदृश्यतेचा लाभ मिळत नाही. आजींनी एका वाक्यात केलेला निर्णय छापील पानावर यावयास दहा वर्षे लागली.

या ग्रंथाच्या गुणांविषयी न बोलणे अन्यायाचे होईल. सामान्य नियम आणि विशेष नियम यांचा विरोध आला तर विशेष नियम बलवत्तर, हे तत्त्व त्याने आरंभीच सांगून टाकले आहे. आपल्या शास्त्रकारांचा उत्सर्ग-अपवाद तो हाच. नियमाची वाक्ये आणि वर्णनाची वाक्ये यांतील भेदही बारकाईने वाचणाऱ्यास कळतो. एखाद्या अस्त्राचे भडक वर्णन असते, पण त्यातून नवा अधिकार निघत नाही. विधी आणि अर्थवाद यांचा विवेक आपल्या मुलांना एका अमेरिकन पुस्तकातून शिकावयास मिळतो, याचा आनंद मानावा की खेद, ते वाचकांनीच ठरवावे. ज्या प्रदेशात हे घडते तो मात्र या विद्येला नवखा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यातच होते. याज्ञवल्क्याच्या त्याच स्मृतीच्या आधाराने मिताक्षरेने पुत्राला जन्मतः वाटा दिला, आणि बंगालच्या दायभागाने तो पित्याच्या पश्चात दिला. शब्द तेच; अर्थ निराळा; आणि त्या अर्थावर शेकडो वर्षे घरेच्या घरे उभी राहिली किंवा मोडली. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात धर्मशास्त्रावर बारा मयूख लिहिले. त्यांपैकी राजनीतीवरील 'नीतिमयूखा'त त्याने बुद्धिबळाचेही वर्णन केले आहे. दाय, प्रायश्चित्त आणि पटावरील युद्ध ही एकाच लेखणीतून उतरताना त्या पंडितास कमीपणा वाटला नाही.

आता दोषाकडे येऊ; आणि तो दोष लहान नव्हे. या खेळातील एक नियम असा आहे. समोरासमोर लढणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याच्या शस्त्राच्या आवाक्यातून बाहेर निघू लागला, की दुसऱ्यास त्याच्यावर आपल्या पाळीबाहेर एक वार फुकट मिळतो. त्याला आम्ही 'संधीचा वार' म्हणू. ज्याला सुखरूप मागे सरावयाचे असेल त्याने त्या पाळीतील आपली कृती त्यासाठीच खर्च केली पाहिजे. रणाच्या हिशेबाने हा नियम चोख आहे. पाठ दाखविणे धोक्याचे असते हे कोण नाकारील? परंतु हाच प्रसंग भीष्मपर्वाच्या आरंभी उभा करा. दोन्ही सैन्ये समोर आली असता कौरव-पांडवांनी आपसांत करार केले. रथीने रथीशी व पायदळाने पायदळाशी लढावे. जो सैन्यातून बाहेर पडला त्यास मारू नये. जो विमुख झाला, ज्याचे शस्त्र गेले, ज्याचे कवच गेले त्याच्यावर वार करू नये. सारथी, भारवाही आणि शंख-नौबती वाजविणारे यांस हात लावू नये. एका ग्रंथात पाठ फिरविणारा हा फुकटच्या वाराचा धनी आहे, तर दुसऱ्यात तो अवध्य आहे.

खेळाचा ग्रंथ काय करता येते ते सांगतो; काय करावे याविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. जवळजवळ म्हणण्याचे कारण हे की, एका ठिकाणी दयेची फट ठेवलेली आहे. हातघाईच्या वाराने शत्रूचे प्राणांक शून्यावर आणले, तर मारणाऱ्याला त्यास ठार न करता मूर्च्छित ठेवता येते. पण ती केवळ मुभा झाली, मर्यादा नव्हे. आम्ही त्या मुलांचा खेळ तासभर पाहिला. त्या मुभेची आठवण एकदाही कोणास झाली नाही.

यावर कोणी म्हणेल, आणि मुलांपैकी थोरल्याने ते म्हटलेही, की महाभारतातील करार तरी कोणी पाळले? आक्षेप रास्त आहे. भूरिश्रव्याचा हात तोडला गेला तो तो दुसऱ्याशी लढत असताना. कर्णाने चाक रुतले असता धर्माची आठवण दिली, तेव्हा अभिमन्यूच्या व द्यूतसभेच्या वेळी हा धर्म कोठे होता, असे त्यास विचारले गेले. आणि अखेरचे गदायुद्ध! नाभीखाली प्रहार करू नये हा गदायुद्धाचा नियम. भीम बलवान, पण दुर्योधन कुशल. न्याय्य युद्धात भीमास जय नाही, हे श्रीकृष्णाने अर्जुनास सांगितले, अर्जुनाने आपली डावी मांडी थोपटून खूण केली, आणि भीमाची गदा दुर्योधनाच्या मांड्यांवर पडली.

परंतु पुढे काय घडते ते पाहावे. नियमांच्या अर्थाची खरी परीक्षा तेथे आहे. दोघांचाही गुरू बलराम तीर्थयात्रेहून नेमका त्याच वेळी येऊन युद्ध पाहत होता. तो नांगर उचलून भीमावर धावला. श्रीकृष्णाने त्यास आवरले आणि युक्तिवाद मांडला. भीमाने भर सभेत मांडी फोडण्याची प्रतिज्ञा केली होती, मैत्रेय ऋषींचा तसा शापही होता, आणि प्रतिज्ञा पाळणे हा क्षत्रियाचा धर्म आहे. म्हणजे सामान्य नियमाला विशेषाने बाधिले! उत्सर्ग-अपवादाचा हा प्रयोग तर्काने निर्दोष आहे. तरीही बलरामाचे समाधान झाले नाही. भीम कपटी योद्धा म्हणून ओळखला जाईल असे सांगून तो द्वारकेस निघून गेला. व्यासांनी त्याचा राग आणि त्याचे निघून जाणे, दोन्ही जागच्या जागी ठेवली. एवढेच नव्हे, पडलेल्या दुर्योधनावर आकाशातून पुष्पवृष्टी झाल्याचे आणि ते पाहून पांडव लज्जित झाल्याचेही त्यांनी लपविले नाही. महाभारतात नियम मोडतो, पण मोडल्याची नोंद होते. मोडणाऱ्यास लाज वाटते, आणि अर्थ लावून दिला तरी ती लाज पुसली जात नाही. खेळाच्या ग्रंथात नियम मोडताच येत नाही. म्हणून तेथे लाजेलाही जागा नाही. हा या ग्रंथातील मुख्य अभाव होय.

या अभावाची भरपाई सूत्रधाराने करावयाची असते, आणि त्याचे स्थान अवघड आहे. शत्रूच्या बाजूने वारही तोच करतो आणि वार न्याय्य की अन्याय्य हेही तोच ठरवितो. बलरामाला कोणाच्याही बाजूने लढावयाचे नव्हते, म्हणून त्याचा राग सच्चा वाटतो. दादाने बहिणीवर शब्दावर शब्द ठेवून निर्णय दिला तेव्हा त्या अदृश्य राक्षसाचे प्राणांक अगदी संपत आले होते, हे आम्ही पाहिले होते. शब्दाचा कैवार घेताना माणूस पुष्कळदा आपल्याच राक्षसाचा कैवार घेत असतो.

एका जुन्या गोष्टीचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण आमच्या वाचकांस ती खटकेल. याच खेळाच्या १९८० सालच्या एका पूरक ग्रंथात निरनिराळ्या देशांच्या देवता दिल्या होत्या, आणि त्यांत इंद्र, अग्नी, यम, विष्णू यांनाही चिलखताचा अंक आणि प्राणांक लावले होते. आपल्या पुराणांत देव लढतात, जखमी होतात, हरतातही; तेव्हा युद्धाचे वावडे आम्हांस नाही. हरकत अंकाला आहे. ज्याचे प्राण मोजले तो मारता येतो, एवढाच त्या कोष्टकाचा अर्थ होतो. पुराणात हिरण्यकशिपूने दिवस-रात्र, घर-बाहेर, नर-पशू अशी सारी कलमे घालून मरण अडविले, आणि तरी उंबरठ्यावर, संध्याकाळी, नरसिंहाने त्यास गाठले. ती कथा सांगते की कलमे कितीही घाला, देव त्यांच्या बाहेर उरतो. कोष्टकाला ते सांगता येत नाही. तथापि या कारणाने आजच्या मुलांचा खेळ बंद करावा असे आम्हांस वाटत नाही. त्या जाजमावर कोणी विष्णूशी लढत नव्हते.

बंद करण्यापेक्षा मोठ्यांनी शेजारी बसावे, हे बरे. त्यांनाही तेथे शिकण्यासारखे आहे. आपल्या देवस्थानांच्या सभांतून काय चालते? गोव्यातील देवस्थानांचा महाजनांविषयीचा कायदा १९३३ सालचा, पोर्तुगीज अमदानीतील. इतरत्र न्यासांच्या घटना आहेत. पालखीचा मान कोणाचा, मताचा अधिकार कोणास, यावरून वाद उठला की घटनेची प्रत बाहेर निघते, आणि ज्यांस जे कलम सोयीचे ते तो मोठ्याने वाचतो. कलम कोणत्या प्रयोजनासाठी घातले होते हे विचारणारी आजी त्या सभेत क्वचितच असते. असली तर तिला बोलावयास कोणी सांगत नाही. कोंडा नसलेले सोने आपण वर्षानुवर्षे कांडीत बसतो. आमच्या माहितीच्या एका सभेत एका विधवा भगिनीचा अभिषेकाचा हक्क अशाच एका शब्दावर अडला, आणि तो शब्द घालणाऱ्यांच्या मनात तसे काही असेल असे तेथील एकाही सभासदास मनातून वाटत नव्हते. तरी हात वर झाले. घरी जाताना कित्येकांच्या माना खाली होत्या. म्हणजे लाज अजून शिल्लक आहे. अर्थ लावताना ती थोडी आधी यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ग्रंथ परत करावयास गेलो तेव्हा कृष्णलांची गोष्ट आम्ही मुलांस सांगितली. थोरला विचारात पडला. "म्हणजे पुस्तक चुकलं?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, पुस्तक अपुरे होते. आणि अपुरे पुस्तक कसे वाचावे हे वाचणाऱ्यावर असते. त्याने बहिणीचा तो वार एका फाशाने पुन्हा टाकू दिला. वार लागला की नाही हे पाहण्यास आम्ही थांबलो नाही. पण मूर्च्छित करावयाची मुभा कोणत्या पानावर आहे, तेवढे मात्र तिला दाखवून आलो.